लॅबचा हिरा खोटा नाही, पण सासूबाईंच्या कुड्या मोडू नका

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी सांगलीहून लिहितेय. मुलाचा साखरपुडा पुढच्या महिन्यात पुण्याला आहे. तो आणि होणारी सून दोघं जाऊन अंगठी बघून आले, एक कॅरेटचा लॅबमध्ये बनवलेला हिरा, खड्याचे ३८ हजार, सोनं आणि घडणावळ वेगळी. त्याच दुकानात तेवढ्याच मापाचा खाणीतला हिरा साडेतीन लाखांच्या पुढे होता. मुलं खूश आहेत, पण माझ्या मोठ्या जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या की पहिल्याच सुनेला खोटा खडा घालणार का, तेव्हापासून मला झोप नाही. दुसरं म्हणजे माझ्याकडे सासूबाईंनी दिलेल्या सात-सात हिऱ्यांच्या कुड्या आहेत, त्यांच्या लग्नातल्या, १९५८ सालच्या. दुकानदार म्हणतो त्या मोडीत द्या, त्यात लॅबच्या मोठ्या कुड्या आणि ही अंगठी दोन्ही बसवून देतो. काय करू? आणि अंगठी लॅबची आहे हे व्याह्यांना सांगायचं का?

उत्तर:

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचून सगळ्यात आधी एकच सांगावंसं वाटलं, कुड्या त्या दुकानदाराकडे "बघून ठेवतो" म्हणून ठेवल्या असतील तर आजच जाऊन परत आणा. बाकीचं निवांत बोलू.

मी मुंबईच्या हिरेबाजारात, आधी ऑपेरा हाऊसला पंचरत्नमध्ये आणि नंतर बीकेसीच्या भारत डायमंड बोर्समध्ये मिळून १४ वर्षं असॉर्टिंग केलंय. म्हणजे दिवसभर खिडकीपाशी बसायचं, पुडी उघडून माल पांढऱ्या कागदावर पसरायचा, चिमट्याने एकेक खडा उचलायचा, आयग्लासमधून, म्हणजे डोळ्याला लावायच्या भिंगातून, बघायचा आणि रंगाप्रमाणे, डागाप्रमाणे ढीग पाडायचे. तर त्या टेबलावरच्या अनुभवावरून सांगते, जाऊबाईंचा "खोटा" हा शब्द चुकलाय. पण त्यांना दोष देऊ नका, कारण आपल्याकडे गेली कित्येक वर्षं "अमेरिकन डायमंड" या नावाने जे विकलं जातं त्याने सगळ्यांचा गोंधळ करून ठेवलाय. त्या नावात डायमंड आहे पण खड्यात हिऱ्याचं काहीच नाही, तो झिरकोनियाचा खडा, त्यात कार्बन औषधालाही नाही, हिऱ्याच्याच मापाचा घेतला तर वजनाला दीडपटीहून जड भरतो आणि दोन-चार वर्षं रोज वापरला की कडा झिजून मलूल दिसायला लागतो. त्याला खोटा म्हणा, बरोबर आहे. मॉइसनाइट म्हणून अजून एक येतो, तो सिलिकॉन कार्बाइडचा, टणक असतो, पण तोही हिरा नाही. भिंगातून तिरकं बघितलं की मागच्या पैलूंच्या रेघा दुहेरी दिसतात आणि चमक जरा जास्तच रंगीबेरंगी.

लॅबमधला हिरा मात्र हिराच आहे ताई. तोच शुद्ध कार्बन, अणूंची तीच रचना, टणकपणाच्या मापावर तोच सगळ्यात वरचा १० आकडा, प्रकाश वाकवायची ताकदही तीच. दोन्ही खडे मी तुमच्या तळहातावर ठेवले तर तुम्हाला सांगता येणार नाही आणि खरं सांगायचं तर नुसत्या आयग्लासने मलाही खात्रीने सांगता येणार नाही. दुकानात ते पेनसारखं टेस्टर असतं ना, टोक लावलं की बीप वाजतं, ते दोन्हीवर सारखंच वाजतं कारण ते फक्त उष्णता किती पटकन वाहून जाते एवढंच बघतं (साधं टेस्टर असेल तर मॉइसनाइटवरसुद्धा वाजतं, म्हणून नुसत्या बीपवर विश्वास ठेवू नका). आणि ते फुंकर मारून वाफ बघणं, पाण्याच्या ग्लासात टाकणं वगैरे जे व्हॉट्सॲपवर फिरतं त्याने खाणीतला आणि लॅबचा हा फरक कधीच कळत नाही.

मग फरक कुठे आहे, तर तो कसा जन्माला आला त्यात आहे. खाणीतला हिरा जमिनीखाली दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल, प्रचंड दाबाखाली तयार झालेला असतो, बहुतेक हिरे शंभर ते तीनशे कोटी वर्षं जुने, आणि मग किंबर्लाइट नावाच्या ज्वालामुखीच्या खडकासोबत वर आलेले. लॅबमध्ये दोन पद्धती आहेत. पहिली प्रेसची, एचपीएचटी म्हणतात, त्यात साधारण पन्नास-साठ हजार वातावरणांचा दाब आणि १३०० ते १६०० अंश उष्णता देतात, ग्रॅफाइट वितळलेल्या लोखंड-निकेल-कोबाल्टसारख्या धातूत विरघळतं आणि त्यातला कार्बन हिऱ्याच्याच बारीक कणावर, बीज म्हणतात त्याला, हिरा म्हणून जमत जातो. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने डिसेंबर १९५४ मध्ये याच मार्गाने हिरा बनवला, पण तेव्हाचे दाणे अगदी बारीक, कारखान्यात घासायला-कापायला वापरायचे, दागिन्यात बसेल एवढा खडा त्यांना जमायला १९७० साल उजाडलं. हे साल लक्षात ठेवा, कुड्यांच्या वेळी लागणार आहे.

दुसरी पद्धत सीव्हीडी, आपल्याकडे सुरतच्या बाजूला जास्त करून हीच चालते. मी एकदा एका कारखान्यात जाऊन बघितलीय. एक बंद चेंबर, त्याला छोटीशी काचेची खिडकी, आत हिऱ्याच्याच पातळ पातळ चौकोनी चकत्या मांडलेल्या, नखाएवढ्या. हवा काढून घेतात, मग मिथेन आणि हायड्रोजन सोडतात, मायक्रोवेव्हने तो गॅस पेटल्यासारखा होतो आणि खिडकीतून जांभळट गुलाबी गोळा दिसतो, बघत राहावं असा. मिथेन फुटून त्यातला कार्बन चकतीवर थराथराने बसतो, ग्रॅफाइट म्हणून जो चुकीचा कार्बन बसतो तो हायड्रोजन खाऊन टाकतो आणि हिरा तेवढा वाढत राहतो. तीन-चार आठवडे हे चालतं. बाहेर येतो तेव्हा तो हिऱ्यासारखा दिसतसुद्धा नाही हो, कडेने काळं जमलेला चौकोनी ठोकळा, साखरेचा जळका क्यूब म्हणा. मग लेझरने कडा काढतात आणि पुढे पैलू पाडायला तो सुरतच्या त्याच कारागिरांकडे जातो जे खाणीतल्या हिऱ्याला पैलू पाडतात. जगातल्या दहातल्या साधारण नऊ हिऱ्यांना पैलू आपल्या देशात पडतात, त्यातले बहुतेक सुरतला, ती घंटी, म्हणजे पैलू पाडायचं चाक, तीच आणि हात तेच.

ओळखायचं कसं हेही थोडक्यात सांगते. खाणीतल्या ९५ टक्क्यांहून जास्त हिऱ्यांत नायट्रोजनचे अणू असतात आणि कोट्यवधी वर्षं उष्णतेत राहून ते एकमेकांजवळ सरकून त्यांचे पुंजके झालेले असतात. लॅबच्या पांढऱ्या हिऱ्यात नायट्रोजन जवळपास नसतो, त्याला टाईप टू-ए म्हणतात. गंमत म्हणजे आपला कोहिनूरही त्याच टू-ए प्रकारातला आहे, म्हणून नुसतं नायट्रोजन नाही एवढ्यावर लॅबचा ठरवत नाहीत, असा खडा बाजूला काढतात आणि मशीनखाली अतिनील प्रकाशात तो वाढला कसा त्याच्या खुणा बघतात, सीव्हीडीला थर दिसतात, प्रेसवाल्याला वेगळी आकृती दिसते आणि दिवा बंद केल्यावरही बऱ्याचदा तो थोडा वेळ चमकत राहतो. या मशिनी सगळीकडे का पसरल्या, तर २०१२ मध्ये अँटवर्पच्या लॅबमध्ये आलेल्या मालात शेकडो सीव्हीडी खडे न सांगता मिसळलेले सापडले. तेव्हा आमच्या टेबलावर जी शांतता पसरली होती ती मला अजून आठवते, कारण आम्ही सगळे डोळ्यावर विसंबून होतो आणि डोळा तिथे संपला होता.

म्हणून माझं म्हणणं असं की लॅबचा हिरा खोटा नसतो, खोटं असतं ते लपवणं. न सांगता विकला तर फसवणूक, सांगून विकला तर चोख व्यवहार. जाऊबाईंना हवं तर सांगा की २०२३ मध्ये पंतप्रधान मोदींनी अमेरिकेत जिल बायडन यांना साडेसात कॅरेटचा हिरवा हिरा भेट दिला तो लॅबमध्येच बनलेला होता, आणि त्याच वर्षीच्या बजेटमध्ये लॅबच्या हिऱ्याच्या बीजावरची कस्टम ड्युटी काढून टाकली होती.

आता पैशाचं बोलू, कारण खरी गोम तिथे आहे.

३८ हजार आणि साडेतीन लाख हा फरक बघून माणसाला वाटतं आपण तीन लाख वाचवले. वाचवलेच, पण ते ३८ हजार परत येणारे नाहीत असं धरून चाला. खाणीतून वर्षाला किती माल निघेल याला मर्यादा आहे, कारखान्यात मात्र अजून दहा मशिनी लावल्या की अजून माल तयार, त्यामुळे भाव नुसता घसरत गेलाय. डी बिअर्ससारखी खाणवाली मोठी कंपनी २०१८ मध्ये लाइटबॉक्स नावाने लॅबचे हिरे घेऊन उतरली, तेव्हा एका कॅरेटला ८०० डॉलर हा भाव बाजाराच्या मानाने फारच स्वस्त वाटला होता, आणि २०२५ मध्ये तोच ब्रँड बंद करतोय असं त्यांनी जाहीर केलं कारण बाजारभाव त्याच्याही खाली निघून गेला होता.

माझ्या नणंदेचं सांगते. तिने २०१९ मध्ये सव्वा कॅरेटची लॅबची अंगठी घेतली, नुसत्या खड्याचे १ लाख ३० हजार मोजले, दुकानदार तोंडाने म्हणाला होता कधीही आणा, ८० टक्के देऊ. २०२४ मध्ये पैशाची गरज पडली म्हणून गेली तर सोन्याचं वजन केलं, खड्याचं काही येत नाही म्हणाले, आणि बिल काढून बघितलं तर त्यावर परत घेण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. ती दुकानातून निघाली तेव्हा रडत होती, पैशापेक्षा आपण मूर्ख ठरलो याचं तिला जास्त लागलं.

पण म्हणून खाणीतला हिरा म्हणजे गुंतवणूक असंही समजू नका. त्याचे भावसुद्धा २०२२ नंतर चांगलेच उतरलेत, आणि परत द्यायला गेलात की घडणावळ, टॅक्स, दुकानाचा नफा हे सगळं वजा होऊनच पैसे हातात येतात. सोनं मोडायला गेलं की त्या दिवसाचा भाव पेपरात छापलेला असतो, हिऱ्याचं तसं नाही, प्रत्येक खडा वेगळा आणि प्रत्येक दुकानदाराचं मत वेगळं. त्यामुळे मुलीच्या बोटात सुंदर दिसावा, रोज घालता यावा, हरवला तर छाती फुटू नये, यासाठी लॅबचा घेणं मला पूर्ण पटतं. मुलांनी विचार करून निवडलंय, तीन लाखांत त्यांच्या घराचं डिपॉझिट होईल, त्यांना नाही म्हणू नका.

कोणी पर्यावरणाचं बोललं तर तेही सरसकट खरं नाही एवढं लक्षात असू द्या. खाणीसाठी डोंगर पोखरले जातात हे खरं, पण त्या मशिनी आठवडेच्या आठवडे वीज खात असतात आणि वीज कोळशाची असेल तर कसला आलाय स्वच्छ हिरा. बोट्सवानासारख्या देशाची शाळा-दवाखाने हिऱ्यांच्या पैशावर उभी आहेत. तिकडची खाण बंद पडली की तिथल्या घरात काय होतं आणि मंदीत सुरतच्या कारागिराच्या घरात काय होतं हे मी जवळून ऐकलंय, त्यामुळे एक चांगला आणि एक वाईट असं मला म्हणवत नाही.

आता कुड्या. ताई, त्या १९५८ च्या आहेत ना, मग वर सांगितलेलं १९७० साल आठवा. त्या काळी दागिन्यात बसेल असा लॅबचा हिरा जगात कुठे विकतच मिळत नव्हता, म्हणजे तुमच्या कुड्यांत हिरे असतील तर ते खाणीतलेच, फार तर एखादा खडा मध्ये कधी पडला आणि बदलला असेल किंवा पांढरा पुष्कराज निघेल. जुन्या कुड्यांचे हिरे मी टेबलावर बघितलेत, पैलू हाताच्या अंदाजाने पाडलेले, सातातले दोन सारखे नसतात, एखादा जरा पिवळसर, एखाद्याच्या पोटात काळा ठिपका, आणि तरी संध्याकाळी दिव्यासमोर मान हलवली की जो मंद उजेड पडतो तो आजच्या मशीनच्या पैलूंना येत नाही. दुकानदार नेमकं याच गोष्टींना "डाग आहे, रंग नाही, कट जुना आहे" म्हणून भाव पाडणार, आणि बदल्यात जे देणार त्याचा भाव मात्र दरवर्षी उतरणार. तुमच्याकडून पुन्हा न मिळणारी वस्तू घेऊन भाव घसरत जाणारी वस्तू देणं हा त्याच्या फायद्याचा सौदा आहे, तुमच्या नाही. शिवाय त्या कुड्या घालून तुमच्या सासूबाई ज्या बोहल्यावर उभ्या राहिल्या ते कुठल्या काट्यावर तोलणार? मोडू नका. अंगठीचे पैसे वेगळे द्या, हप्त्याने द्यावे लागले तरी चालतील.

उत्सुकता असेल तर कुड्या एकदा तपासून घ्या, पुण्या-मुंबईत रत्नपरीक्षेच्या लॅब आहेत, पण खडे कोंदणातून काढू देऊ नका, आहेत तसेच तपासायला सांगा आणि वजन, फोटो, पावती घेतल्याशिवाय हातातून सोडू नका.

अंगठी घेताना मुलांना एवढं सांगा. बिलावर नुसतं "डायमंड" नको, "लॅबोरेटरी-ग्रोन डायमंड" असं पूर्ण लिहिलेलं हवं, कारण २०१५ च्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे नुसतं डायमंड म्हटलं की नैसर्गिकच समजायचं. सोबत रत्नपरीक्षेच्या लॅबचं (आयजीआय, जीआयए अशा संस्था असतात) सर्टिफिकेट हवं आणि त्याचा नंबर खड्याच्या कमरेवर, गर्डलवर म्हणतात त्याला, लेझरने कोरलेला असतो, दहापट भिंगातून तो दुकानातच वाचून घ्या. आयजीआयचं असेल तर लॅबच्या हिऱ्याच्या नंबराच्या आधी एलजी अशी अक्षरं असतात. तोच नंबर त्यांच्या वेबसाइटवर टाकून रिपोर्ट जुळतो का बघा. जीआयएने २०२५ पासून लॅबच्या हिऱ्यांना रंग आणि शुद्धतेची जुनी अक्षरं देणं बंद करून प्रीमियम आणि स्टँडर्ड अशी दोनच नावं ठेवलीत, त्यामुळे तसा कागद दिसला तर घाबरू नका. खडा दुकानाच्या पिवळ्या-पांढऱ्या दिव्यात न बघता दारापाशी उजेडात पांढऱ्या कागदावर ठेवून बघा, काही सीव्हीडी खड्यांना किंचित तपकिरी झाक असते, प्रेसवाल्यांना निळसर. लॅबचा घेताना आकारापेक्षा पैलूंकडे लक्ष द्या, कट उत्तमच हवा, स्वस्तात मिळतोय तर तिथे तडजोड कशाला.

आणि वजन. हे लोक बघतच नाहीत. एक कॅरेट म्हणजे ०.२० ग्रॅम. अंगठी काट्यावर ३.४० ग्रॅम भरली तर सोनं ३.२० ग्रॅमच धरायचं, बिलावर ग्रॉस आणि नेट अशी दोन वजनं वेगळी हवीत, नाहीतर खड्याच्या वजनालाही सोन्याचा भाव लागतो. सोन्यावर १८ कॅरेटसाठी ७५० आणि सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख नंबर, असतो, तो सरकारी बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघता येतो. परत घेणार असतील तर किती टक्के आणि कशाचे टक्के, त्या दिवसाच्या भावाचे की बिलाच्या रकमेचे, हे बिलावर लिहून सही घ्या. लिहायला नकार दिला तर उत्तर तुम्हाला मिळालंच.

व्याह्यांना सांगायचं का, तर हो, आणि साखरपुड्याच्या आधी सांगा, मांडवात नाही. विहीणबाईंना फोन करून साधं म्हणा, "मुलांनी दोघांनी मिळून लॅबच्या हिऱ्याची अंगठी पसंत केलीय, सर्टिफिकेट अंगठीसोबतच देतोय." बास. सुनेने स्वतः निवडलीय म्हणजे तिच्या घरी बहुतेक माहीतही असेल. पण तुमच्या तोंडून आलं की जाऊबाईंच्या तोंडून यायला जागाच उरत नाही. आणि जाऊबाईंनी परत विषय काढला तर सर्टिफिकेट त्यांच्या हातात द्या, वाचू द्या त्यांना.

साखरपुड्याला त्या कुड्या तुम्हीच घाला. वर्षानुवर्षांच्या तेलाने मंद झाल्या असतील, हिऱ्याला पाणी धरत नाही पण तेल-तूप लगेच चिकटतं, पूर्वी खाणीत खडीतून हिरे वेगळे करायला ग्रीस लावलेल्या टेबलावरून माल सोडायचे ते याचमुळे. सुनेलाही सांगून ठेवा की कणीक मळताना अंगठी काढायची, आणि मळली तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने घासायची, लॅबचा हिरा काळा पडतो वगैरे अफवा असते, पडतो तो फक्त त्यावरचा मळ. कुड्यांचं कोंदण मागून बंद असेल तर मात्र त्या पाण्यात घालू नका, जुन्या कामात खड्यामागे डांक, म्हणजे चकचकीत पातळ पत्रा, लावलेला असतो, पाणी शिरलं की तो काळा पडतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो. जुन्या ओळखीच्या सोनाराकडे न्या आणि समोर बसून साफ करून घ्या.